हात पाठीमागे बांधून

इंदूर
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सखी,

आज धाकट्याने शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. पाच मिनिटं लागली. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. म्हणून आज तुला लिहायला बसले.

संक्रांतीला पतंगापायी गच्चीवरून पडला, हे तुला कळलंच आहे. त्या रात्री ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायच्या मापावर, १५ पैकी ६ होता. ते दिवस मला पुन्हा लिहायचे नाहीत. आता पुनर्वसनाच्या वॉर्डात सहावा आठवडा.

इथे वीफिम नावाचा तक्ता भरतात. जेवण, आंघोळ, जिना, सांगितलेलं समजणं, लक्षात ठेवणं अशी १८ कामं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. कुणाच्याही मदतीशिवाय केलं तर ७, सगळं दुसऱ्याने केलं तर १. आला तेव्हा बेरीज २६ होती. मी भरवत होते, पुसत होते, उचलत होते. एका दुपारी थेरपिस्ट म्हणाली, "आई, तुम्ही भरवलंत तर मला इथे १ च लिहावा लागेल." फार लागलं गं ते. आईपण म्हणून जे करत होते, तेच त्याच्या आड येत होतं.

मग त्याच्या चांगल्या डाव्या हाताला जाड मोजा घालून उजव्याने पोहे खायला लावलं. अर्धे पोहे चादरीवर, शेव जमिनीवर. मला "दुष्ट" म्हणाला, रडला. चौथ्या दिवशी एक अख्खा चमचा तोंडात गेला.

आता बेरीज ९१. सासूबाई खजराण्याच्या गणपतीला पेढे ठेवून आल्या, चालतोय म्हणजे बरा झाला म्हणतात. पण त्या ९१ मधले ७२ हालचालीचे आणि स्वतःचं आवरण्याचे आहेत. समज-आठवणीच्या पाच कामांत ३५ पैकी १९ च. काल दिवसभर इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीबद्दल विचारत होता, "गेर कधी निघणार?" सांगितलं की हसायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. काही उणिवा अभ्यास अवघड झाला की मगच दिसतील.

तू इतकी वर्षं दुसरी-तिसरीला शिकवतेस. त्याच्या बाईंना काय सांगू? अर्धा दिवस शाळा, एका वेळी एकच सूचना, एवढं सुचलंय. वरून तो धडधाकट दिसेल, मग त्याला आळशी ठरवतील, ही धास्ती आहे. सविस्तर लिही.

तुझीच