चार्ट भरणं म्हणजे कारकुनी नाही गं

प्रिय सोनू,

काल तू फोनवर म्हणालीस, आई मी नर्सिंगला आले का कारकुनीला, अर्धी ड्युटी चार्ट भरण्यातच जाते. तुझा ब्रेक संपत आला होता म्हणून तेव्हा बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

तुमच्या लॅम्प लायटिंगला तुम्ही हातात दिवा घेऊन जी शपथ घेतली ना, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी लिहिलेलीच नाही, ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली आणि तिला नाइटिंगेलचं नाव दिलं. आणि नाइटिंगेलच्या हातात होता तो घडीचा तुर्की कंदील, चित्रात दाखवतात तसा दिवा नव्हे. दिव्याबद्दल मला आदर आहेच, रात्री एकटीनं वॉर्डात राऊंड घेणं काय असतं ते मला माहितीये. पण मला ती मोठी वाटते ती तिच्या आकड्यांमुळे.

श्रीमंत इंग्रज घरची पोरगी, जन्म १२ मे १८२०. घरच्यांना हे काम अजिबात पसंत नव्हतं, तरी हट्टानं जर्मनीत कायझरवर्थला जाऊन शिकून आली. मग इंग्रजांचं रशियाशी क्रिमियाचं युद्ध लागलं आणि नोव्हेंबर १८५४ मधे ती ३८ बायकांना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचली. तिथं काय होतं तर बराकीच्या खाली तुंबलेली गटारं, घाण पाणी, उवा, आणि जमिनीवर ओळीनं टाकलेले सैनिक. तिनं चादरी, साबण, धुलाई, नीट जेवण सगळं मागे लागून मिळवलं, पण तरी माणसं मरतच होती, फेब्रुवारी १८५५ मधे तर शंभरातली चाळीसच्या वर. मार्चमधे सॅनिटरी कमिशन, म्हणजे सरकारनं स्वच्छतेसाठी पाठवलेली मंडळी आली, गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि उन्हाळ्यापर्यंत तेच प्रमाण दोन टक्क्यांवर आलं.

युद्ध संपल्यावर लोकांनी तिला देवी करून टाकलं होतं, ती नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाला घेऊन मृत्यूंच्या नोंदी उघडून बसली. जानेवारी १८५५ या एका महिन्यात जखमांनी गेले ८३ आणि टाळता येणाऱ्या साथीच्या आजारांनी २,७६१! आणि त्या हिवाळ्यात तिच्याच स्कुटारीचे आकडे फार वाईट. ते तिनं झाकले नाहीत गं, छापून मोठ्या मोठ्या लोकांना पाठवले. मंत्र्यांना नुसते तक्ते कळायचे नाहीत म्हणून तिनं गोल चित्र काढलं, प्रत्येक महिन्याची एक पाकळी, साथीचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे, आणि निळा रंग एवढा पसरलेला की दुसरं काही दिसतच नाही. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला मेंबर करून घेतलं, पहिली बाई. सेंट थॉमसमधली नर्सिंग स्कूल त्यानंतरची, १८६० ची.

आता माझंच बघ. एका पावसाळ्यात ओपीडी रजिस्टर लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की जुलाबाचे पेशंट सगळे एकाच वाडीतले आहेत. नुसती ओआरएसची पाकिटं देऊन पाठवलं असतं तर कुणी काही म्हणलं नसतं. पण मी रजिस्टरच घेऊन ग्रामपंचायतीत गेले, टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची) केली तर क्लोरीन शून्य, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कित्येक दिवस पडलीच नव्हती. तोंडी सांगितलं असतं तर बघू म्हणाले असते, वहीत गावातल्याच माणसांची नावं दिसली तेव्हा हलले.

आणि नाइटिंगेल आपल्याकडे हिंदुस्थानात कधी आलीच नाही, तब्येतच बिघडलेली, क्रिमियातला ताप पुढे कित्येक वर्षं पुरला तिला. पण लंडनला पलंगावर बसून तिनं हिंदुस्थानातल्या छावण्या-छावण्यांना प्रश्नांचे फॉर्म पाठवायला लावले, पाणी कुठून येतं, मोऱ्या आहेत का, आजारी किती. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मरत होते, ते दहा-बारा वर्षांत १८ वर आले. नंतर नंतर ती आपल्या गावांच्या पाण्याबद्दल, दुष्काळाबद्दल लिहायला लागली, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीसुद्धा तिचा पत्रव्यवहार होता. हे पुण्यातल्या किती जणांना माहिती असेल!

तेव्हा टेंपरेचर न बघता मागच्या शिफ्टचंच उतरवून टाकतात तसं तू करू नकोस, कुणी सीनिअरनं सांगितलं तरी. परवा त्या चार नंबर बेडच्या आजींचं लघवीचं आउटपुट दोन शिफ्ट कमी दिसलं म्हणून तू सिस्टरांना चार्ट दाखवलास म्हणालीस ना, मग डॉक्टरांनी पुढे काय केलं? ते सांग मला रविवारी.

तुझी,
आई