काकूंचं नाव नोंदवण्याआधी

पाचपाखाडी, ठाणे
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकूंना दापोलीत एकटं ठेवायला जीव धजत नाही, म्हणून ज्येष्ठांच्या वसाहतीत नाव नोंदवू का, असं विचारलंस. आधी नानांचं सांगतो.

आई गेल्यावर नाना सात-आठ महिने खिडकीशी बसून होते. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. साखर, बीपी ताब्यात. माणूस मात्र विझत चाललेला. मांड्या इतक्या बारीक झाल्या, की खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत. कचराळी तलावावर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "माझं तिथं काय काम?" त्यातला 'काम' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकलाच नाही.

मग एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा आला. प्रॅक्टिकल दोन दिवसांवर आणि बारीक मापं घेण्याच्या व्हर्नियर कॅलिपरवरचं माप वाचता येईना. "आजोबा, तुम्ही वागळे इस्टेटला लेथवर होता ना?" नानांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा व्हर्नियर काढला. सरकत्या पट्टीची कोणती रेघ वरच्या रेघेला जुळते, ते समजावताना त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोठा झाला. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. डोळे भरून आले.

आता रोज सहा-सात मुलं गच्चीवर जमतात. लहानांना नाना पावकी-निमकी, म्हणजे पाव नि अर्ध्याचे पाढे, शिकवतात. फिजिओथेरपी शिकणारी शेजारची मुलगी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावते. नाना उठतील तशी मुलं पावकी म्हणतात. बारा वेळा उठलं, की पावकी तीनवर येते. सुरुवातीला पाऊणवरच दमायचे. हळूहळू मांड्यांत बळ आलं. गच्चीचे दोन जिने आता कठडा धरून, पण स्वतःच चढतात.

हा फक्त आमच्या घरचा अनुभव नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचे माणसांशी धागे घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला साठीपुढच्या माणसांना आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला मदत करायला पाठवलं. त्यांची हालचाल वाढली, डोक्याला चालना मिळाली. आपल्याकडे वाड्यात, चाळीत हे न ठरवताच व्हायचं. बंद दारांच्या इमारतींत ते ठरवून करावं लागतं, एवढंच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गच्चीवरच्या गोंगाटाची तक्रार झाली, आठवडाभर बंद पडलं. ज्यांनी तक्रार केली ते काका आता शनिवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतात. औषधं, तपासण्या तर चालूच आहेत. त्या सोडायच्या नाहीतच.

वसाहत वाईट, असं मी म्हणत नाही. आधाराचे कठडे, रात्री हाकेला डॉक्टर, हे सगळं तिथं असेल. पण नाव नोंदवण्याआधी विचार, की तिथं काकूंच्या कानावर लहान मुलाचा आवाज पडेल का? त्यांची वाट पाहणारं कुणी असेल का? पहाटे उठून अंगण सारवणाऱ्या बाईला दिवसभर नुसतं आरामात बसवणं मला भयंकर वाटतं.

म्हणून आधी त्यांना गणपतीत आमच्याकडे पंधरा दिवस पाठव. खालची खोली रिकामीच आहे. आमच्या इमारतीत उकडीच्या मोदकाला कळ्या पाडता येणारं आता कुणी उरलेलं नाही आणि चार मुली शिकायला टपून बसल्यात. येताना त्यांचं मोठं मोदकपात्र आणायला सांग. आमच्या पात्रात एका वेळी अकराच मावतात.

तुझाच,
पाचपाखाडीकर