केळीला ऊनही मारतं आणि थंडीही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

योग दिनाच्या निमित्ताने आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. योगाने राग निघून जातो, दुःख विसरायला होतं, मन कायम प्रसन्न राहतं, असा त्याचा सूर होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. पण सहा वर्षांपूर्वी मी हे वाचून योग सुरू केला असता तर पंधरा दिवसांत सोडून दिला असता, कारण राग काही गेला नसता. म्हणून हे पत्र.

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. वय चौपन्न. पाच एकर शेती, त्यातली साडेतीन एकर केळी. सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने माझा दोन गाड्या माल कापून नेला. आठवड्यात पैसे देतो म्हणाला आणि मग फोन उचलेना. एक लाख ऐंशी हजार रुपये. महिनाभरात वादळ आलं आणि उरलेली बाग आडवी झाली. निसवलेली झाडं घडासकट चिखलात पडलेली होती. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी त्यांच्याशी धड बोलूसुद्धा शकलो नाही.

पुढचे दोन महिने मी पेटलेला होतो. बारावीतल्या मुलावर हात उगारला. दोनदा पिशवीत विळा घालून त्या व्यापाऱ्याच्या गावाला निघालो. पहिल्यांदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा मी फाट्यावरून परत फिरलो, का फिरलो ते आजही सांगता येणार नाही. हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही.

रागानंतर जे आलं ते जास्त वाईट होतं. पडवीतल्या बाजेवर मी दिवस दिवस बसून राहायचो. ठिबकचे व्हॉल्व्ह बायको फिरवायची. मजुरांचा हिशेब तीच करायची. आई म्हणायची, "असा काय बसेल आहे रे दगडासारखा?" मला राग येत नव्हता आणि रडूही येत नव्हतं. ताटातली कळण्याची भाकरी समोर सुकून जायची.

आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक आहेत. मला चौथीला तेच होते. ते विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर रात्री योग शिकवतात, पैसे घेत नाहीत. ते घरी आले आणि त्यांनी योगाचं नावही काढलं नाही. म्हणाले, "उद्या जळगावला डॉक्टरकडे जायचं, मी सोबत येतो." गेलो. गोळ्या सुरू झाल्या, त्या आठ महिने चालल्या आणि डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. योगाने गोळ्या सुटल्या असं मी कुठेही सांगत नाही आणि कुणी सांगितलेलं मला आवडत नाही. गुरुजींनी मला ओट्यावर बोलावलं ते गोळ्या लागू पडायला लागल्यावर, महिन्याभराने.

पहिल्या दिवशी मांडी घालता येईना. गुरुजींनी खाली गोणपाटाची घडी सारली. उजव्या हाताची पहिली दोन बोटं तळहातात मिटायची, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या. त्या दिवशी सकाळी मी बऱ्याच दिवसांनी बागेत पिलं, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, काढली होती आणि बोटांना केळीचा चीक लागून काळा पडला होता. साबणाने तो जात नाही. अंगठा नाकाशी नेला की त्याचाच वास. डावीने श्वास घ्यायचा, उजवीने सोडायचा, मग उजवीने घ्यायचा, डावीने सोडायचा. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर. श्वास रोखायचा नाही, कारण मला बीपी आहे. गुरुजींनी दुसऱ्या हाताच्या मनगटावर नाडी धरायला लावली. श्वास सोडताना ठोके जरा लांब लांब पडतात, घेताना जवळ येतात. चाळीस-पन्नास वर्षं हा देह वापरतोय आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

योगात नाडी म्हणजे श्वासाची वाट. डावी नाडी इडा, चंद्राची, निववणारी. उजवी पिंगला, सूर्याची, तापवणारी. हठयोगातल्या हठ या शब्दाचा अर्थच परंपरेत असा सांगतात की ह म्हणजे सूर्य आणि ठ म्हणजे चंद्र. मला वाटलं होतं, आता गुरुजी उजवी बंद करायला सांगतील, कारण माझा त्रास तापण्याचा. त्यांनी कधीच तसं सांगितलं नाही. ज्या दिवशी मी तापलेला असायचो त्या दिवशी पुढे वाकण्याची आसनं, लांब उच्छ्वास आणि बराच वेळ शवासन. ज्या दिवशी गारठलेला असायचो त्या दिवशी बसणंच नाही. आधी उभं राहून सहा सूर्यनमस्कार, पुढे बारा, मग श्वास. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि काय करायचं ते ठरवायचे.

केळीवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पानं करपतात. जानेवारीत तोच पारा दहाच्या खाली आला की चरका बसतो, वाढ थांबते, निसवणारा घड नीट बाहेर पडत नाही. म्हणून ऊन नकोच असं कुठला शेतकरी म्हणेल? उन्हाशिवाय घड भरणार कसा? आम्ही बागेच्या कडेने शेवरी लावतो. तीच शेवरी उन्हाळ्यात झळा अडवते आणि हिवाळ्यात गार वारा.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात आसनाची सूत्रं लागोपाठ दिली आहेत. आसन स्थिर आणि सुखाचं असावं. प्रयत्न सैल करावा, मन अनंताकडे लावावं. आणि लगेच पुढे, 'ततो द्वन्द्वानभिघातः'. अभिघात म्हणजे मार. द्वंद्वं म्हणजे एकमेकांविरुद्धच्या जोड्या. त्या कोणत्या, तर व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, पहिलं उदाहरण शीत आणि उष्ण. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेवरीच आली. थंडी संपते किंवा ऊन संपतं असं सूत्रात कुठे आहे? त्यांचा मार बसत नाही, एवढंच म्हटलंय. आपल्या लेखात हे सुटलं होतं, आणि माझ्यासारख्याला नेमकं तेच हवं असतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा श्वास सोडता सोडता मला रडू फुटलं. ओट्यावर आठ-दहा माणसं होती. कुणी काही बोललं नाही. गुरुजी म्हणाले, "मोजणं चालू ठेव." मी रडत रडत मोजत राहिलो. त्यानंतर राग परत आला, तोही मला बरा वाटला, कारण दगड हलला होता. आणि आता तो येताना दिसायला लागला. आधी कान तापतात, मग जबडा आवळतो, मग उजवा खांदा वर चढतो. कान तापण्यापासून हात उठेपर्यंत मधे दोन-तीन श्वासांची जागा असते. पूर्वी ती नव्हती असं नाही, मला सापडत नव्हती. तो विळा पिशवीत घातला त्या दिवशी ती जागा सापडली असती तर मी निघालोच नसतो.

योग म्हटलं की आपल्याकडे पुण्यामुंबईकडे किंवा हिमालयाकडे बघायची सवय आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला घेतला. त्याआधी ते काही वर्षं आपल्या अमळनेरला शिकवत होते. खानदेशातल्या किती मुलांना हे माहीत आहे? आपल्या वर्तमानपत्राने यावर एक चांगला मोठा लेख छापावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

दुसरं म्हणजे वेळ. 2015 पासून दरवर्षी 21 जूनला शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला कार्यक्रम होतो, फोटो निघतात. त्या दिवसांत आमची मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची, घाई असते. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की माणूस पहाटे पाणी देऊन येतो आणि सहाला झोपतो. तो मैदानावर कसा येणार? आणि ज्याला खरी गरज आहे तोच येत नाही. ग्रामपंचायतीचं सभागृह बहुतेक गावांत संध्याकाळी कुलुपात असतं. ते आठवड्यातून तीन दिवस, रात्री आठ ते नऊ, वर्षभर उघडं ठेवा. शिकवणारं माणूस शोधलं तर बहुतेक गावात निघतं. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण त्या काळात माझ्या बायकोने जे सोसलं त्याला कुणी ओटा दिला नाही. ती गेल्या वर्षापासून येते, साडी नेसूनच सूर्यनमस्कार घालते, आणि तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

आणि योगावरचा लेख छापताना खाली 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा, क्रमांक दरवेळी द्यावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जो माणूस बाजेवर बसून आहे त्याला आधी तो लागेल, अनुलोम-विलोम नंतर.

तो व्यापारी मला मागच्या महिन्यात एका लग्नात भेटला. पंगतीत समोरच बसला होता. कान तापले. मी उठून बाहेर हौदापाशी गेलो, तोंडावर पाणी मारलं, डावीने घेतला, उजवीने सोडला, असं पाच-सहा वेळा केलं. मग आत जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊ, माझे एक लाख ऐंशी हजार बाकी आहेत. कधी देतो?" आवाज चढला नाही आणि गळ्यात अडकलाही नाही. आजूबाजूच्या चार लोकांनी ऐकलं. त्याने दिवाळी सांगितली आहे. देईल की नाही, सांगता येत नाही. दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे आणि पिशवीत फक्त पावत्या असतील.

आमच्या ओट्यावर सोमवार, बुधवार आणि शुक्रवार रात्री आठला वर्ग असतो. पावसात सभामंडपात बसतो.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. यावल, जि. जळगाव
(घरच्यांसाठी नाव छापू नये, ही विनंती.)