ग्राफ आणि बीजगणित एकत्र शिकवावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, मराठी वृत्तपत्रांतून श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्याविषयी आदराने लिहिले जाते. त्या मजकुरात प्रत्यक्ष गणित मात्र क्वचितच असते. सामान्य वाचकाला ते झेपणार नाही, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. म्हणून नागपूरकरांच्या परिचयाच्या एका नकाशावरून ग्राफ आणि बीजगणित यांना जोडणाऱ्या एका सुंदर विषयाची ओळख करून देण्याची परवानगी मागतो.

नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील दोन मार्गिका, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. स्थानके म्हणजे बिंदू आणि लगतच्या दोन स्थानकांमधील मार्ग म्हणजे कड मानली, की ग्राफ तयार होतो. प्रत्येक बिंदूला एक चल द्यावे आणि प्रत्येक कडेसाठी तिच्या दोन टोकांच्या चलांचा गुणाकार लिहावा. या एकपदींपासून बहुपदींच्या रिंगमध्ये (बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येणाऱ्या बहुपदींच्या संचात) जो आयडियल, म्हणजे या एकपदींना हव्या त्या बहुपदींनी गुणून केलेल्या बेरजांचा संच, निर्माण होतो, तो त्या ग्राफचा एज आयडियल. गणितज्ञ राफाएल व्हियारेआल यांनी १९९० मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला.

आता प्रत्येक कडेचे निदान एक टोक ज्यात येते आणि ज्यातून एकही बिंदू वगळता येत नाही, असा बिंदूंचा संच घ्यावा. अशा प्रत्येक किमान आच्छादनातील चलांपासून एक प्राइम आयडियल (ज्यात एखादा गुणाकार असला, तर त्याचा निदान एक अवयवही असतो, असा आयडियल) मिळतो, आणि एज आयडियल हा नेमका या सर्वांचा छेद, म्हणजे सामाईक भाग, असतो. नकाशावर पेन्सिलीने शोधता येणारी गोष्ट बीजगणितातील विघटन ठरवते, हे मला आजही विलक्षण वाटते.

अ, ब, क या चलांचा त्रिकोण घेतला, तर अब, बक आणि कअ हे आयडियलचे जनक, म्हणजे तो निर्माण करणाऱ्या एकपदी, मिळतात. अबक हा गुणाकार तिन्ही प्राइम आयडियलांच्या वर्गांत असतो, म्हणजेच त्या वर्गांच्या सामाईक भागात, आयडियलच्या दुसऱ्या प्रतीकात्मक घातात, असतो. पण आयडियलच्या साध्या वर्गात (त्यातील दोन-दोन घटकांच्या गुणाकारांपासून बनणाऱ्या आयडियलमध्ये) तो नसतो, कारण तिथे चारपेक्षा कमी घातांकाची एकपदीच नसते. सिमिस, वास्कॉन्सेलोस आणि व्हियारेआल यांनी १९९४ मध्ये दाखवले, की ग्राफमध्ये विषम लांबीचे एकही चक्र (कडांवरून जाऊन मूळ बिंदूवर परतणारी फेरी) नसेल तेव्हा, आणि तेव्हाच, दोन्ही प्रकारचे सर्व घात एकरूप होतात. आपल्या मेट्रोच्या ग्राफमध्ये चक्रच नाही. त्यामुळे तिथे ही तफावत कधीच उद्भवत नाही.

कोहेन–मॅकॉले हा, रचना एका अर्थी नियमित असल्याचे सांगणारा, बीजगणितातील गुणधर्म याहून वेगळा आहे. त्यासाठी सर्व किमान आच्छादने सारख्याच आकाराची असावी लागतात, पण तेवढ्याने भागत नाही: चार बिंदूंच्या चक्राची दोन्ही आच्छादने दोन-दोन बिंदूंची असूनही ते अनुत्तीर्ण ठरते, आणि पाच बिंदूंचे चक्र उत्तीर्ण होते. चक्र नसलेल्या जोडलेल्या ग्राफमध्ये, एकाहून अधिक कडा असल्यास, टोकाचा (म्हणजे एकच कड असलेला) नसलेला प्रत्येक बिंदू नेमक्या एकाच टोकाच्या बिंदूला जोडलेला असावा लागतो. मेट्रोला टोके चारच असल्याने मधली बहुतेक स्थानके ही अट पूर्ण करत नाहीत, म्हणून तिच्या ग्राफला हा गुणधर्म नाही. मात्र ग्राफ एकटाच सगळे ठरवतो, असेही नाही. काही ग्राफांत बहुपदींचे सहगुणक कोणत्या क्षेत्रातून (परिमेय संख्यांसारख्या, भागाकारही करता येणाऱ्या संचातून) घेतले यावरही हा गुणधर्म अवलंबून असतो, आणि विद्यार्थ्यांना हेही सांगायला हवे.

पदवीच्या वर्गांत ग्राफ सिद्धांत आणि रिंग सिद्धांत बहुधा वेगवेगळ्या पेपरांत, एकमेकांचा उल्लेखही न करता शिकवले जातात. नागपुरातील महाविद्यालयांच्या गणित विभागांनी रिंग शिकवताना अशी दोन-चार उदाहरणे वहीत सोडवून घ्यावीत. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. आपल्या वृत्तपत्रानेही येत्या गणित दिनाच्या पुरवणीत चरित्रलेखाशेजारी एक पूर्ण सोडवलेले उदाहरण आकृतीसह छापावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
गणिताचा एक शिक्षक, नागपूर