म्हशींच्या डॉक्टरांना, पालीवाल्यांकडून

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही गाडीला किक मारता. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळलीय. पण पाडव्याला म्हशी सजवून मिरवणाऱ्या कोल्हापूरकरांतल्या निम्म्यांना तरी हे पत्र कुणाला आहे ते कळणारच, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या घरी क्रेस्टेड गेको आहेत. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची ही पाल. डोळ्यांवरून मानेपर्यंत काट्यांची झालर, पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे जिभेनं पुसते. 1866 मध्ये शास्त्रात तिची नोंद झाली, पुढे ती संपली असंच सगळे धरून चालले होते, आणि 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. पुण्याचा माझा मावसभाऊ परदेशी निघाला आणि पाळीव पैदाशीतली त्याची जोडी आमच्याकडे आली. नवऱ्याला कौतुक होतं. मला किळस नव्हती, इतकंच. सासूबाईंचं विचारू नका. बोलता बोलता पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टेकवणारं आमचं घर, त्यात ही दोघं पेटीत!

नाद लागला तो मादी आजारी पडल्यावर, आणि तुमच्यामुळे. ती अंडी घालत होती, एका वेळी दोन, महिना-सव्वा महिन्यानं पुन्हा दोन. मग हळूहळू फांदीवरून घसरायला लागली, पाय थरथरायला लागले. एका दवाखान्यात फोन केला तर पलीकडून, ‘पाल? मारायचं औषध किराणा दुकानात मिळतं,’ असं उत्तर आलं. शेवटी आमच्या दूधवाल्या मामांनी तुमचा नंबर दिला.

तुम्ही गोठ्यातून थेट आलात, बुटाला शेण तसंच. पेटीत वाकून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, ‘मला पालीतलं काय बी कळत न्हाई. पर व्याल्यावर म्हैस उभी ऱ्हाईना झाली तर मी पहिल्यांदा कॅल्शियम बघतो. हिच्यात बी तेच बघू.’ ज्याला माहीत नाही तो तसं सांगतो, आणि सांगून पळून जात नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. रात्री उशिरा तुमचा फोन आला. वाचून काढलं होतंत. तोंड अलगद उघडून टाळूकडे बघा म्हणालात. तिथं दोन पांढऱ्या पिशव्या असतात, त्यात तिचा चुन्याचा साठा. आमच्या मादीच्या जवळजवळ रिकाम्या होत्या. म्हशीच्या मिल्क फिवरची, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम घसरण्याच्या आजाराची, पाहुणी आमच्या घरात निघाली.

औषध तुम्ही थेंबांच्या हिशोबानं दिलंत, पण खरी दुरुस्ती खाण्यात केलीत. केळ्याचा गर आणि मध बंद. केळ्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, त्यामुळे हाडांचं नुकसानच. तयार पावडरचा पूर्ण आहार पाण्यात कालवून, आणि मधून रातकिडे; तेही बागेतून पकडलेले नाहीत, फवारणीच्या भीतीनं. आधी त्यांना गाजर, पालेभाजी खाऊ घालायची, मग डी-3 जीवनसत्त्व असलेल्या कॅल्शियम पावडरीत घोळवून द्यायचे. नर वेगळ्या पेटीत, कारण मादीला विसावा हवा. तरी ती पुढेही अंडी घालत राहिली, तेव्हा आम्ही चक्रावलो. नराचं बीज ती अंगात साठवून ठेवते हे तुम्हीच शोधून सांगितलंत.

वजनाचं तर काय सांगू. ‘म्हैस डोळ्यानं कळते, हे कळायचं न्हाई, काटा पायजे,’ असं तुम्ही म्हणालात आणि आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. हुपरीच्या चांदीच्या कामातला माणूस, दशांश ग्रॅमचा काटा रोजच्या हाताखालचा. तेव्हापासून दर रविवारी सगळ्यांची वजनं वहीत उतरतात. नवीन पिल्लू भरतं दीड-दोन ग्रॅम, म्हणजे जोडव्यापेक्षा हलकं. मोठी मादी 35 ग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय आणि दीड वर्षाची झाल्याशिवाय जोडीला लावायची नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात आहे. नवऱ्याची आणि माझी एवढी बोलणी लग्नानंतर कधी झाली नव्हती, तीही ग्रॅममध्ये!

अंड्यांवर वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून, जशी सापडली तशीच, न फिरवता डब्यात ठेवायची. ओलसर परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके पांढरे दाणे), 22 ते 26 अंश, अडीच-तीन महिने धीर. उन्हाळ्यात इथंच सगळं अडतं. कोल्हापूरचा मे महिना या पालीला सोसत नाही, 28 अंशांच्या पुढे ती कासावीस होते, आणि वीज तर आपल्या मर्जीची. घरात एकच गार खोली, जुन्या जाड मातीच्या भिंतींची, आणि ती सासूबाईंची. तुम्ही त्यांच्यासमोर चटईवर बसलात. ‘काकी, ही आपल्या भिंतीवरची पाल न्हवं. हिची शेपूट तुटली तर परत येत न्हाई, बिचारीची.’ त्या शेपटीच्या गोष्टीनं काम केलं, दुसऱ्या कशानंही झालं नसतं. आता पेट्या त्याच खोलीत आहेत, आणि संध्याकाळी पाणी फवारायचा पंप मला सापडत नाही, तो त्यांच्याकडे असतो.

एका बाबतीत तुम्ही कडक होतात आणि ते मला पटलं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यातली 2022 ची दुरुस्ती आणि परदेशी प्राण्यांची अनुसूची चार, हे सगळं वाचायला लावलंत. रानातलं काही घरात आणायचं नाही, यादी बघितल्याशिवाय नवीन जात घ्यायची नाही. रंगांच्या मागे लागणाऱ्यांबद्दल तुमचं मत इथं छापण्यासारखं नाही. माझंही फार वेगळं नाही. लिली व्हाइट हा या पालीचा पांढरट रंगप्रकार; लिली व्हाइटची लिली व्हाइटशी जोडी लावली तर सरासरी चारातलं एक अंडं दोन्हीकडून तो गुण घेतं आणि ते पिल्लू जगत नाही. हे ठाऊक असून लावणारे आहेत.

दाजीपूरला नेलंत तेही राहिलं सांगायचं. आपल्या जिल्ह्याच्या नावाची पाल आहे, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस, 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणलेली, हे मला कुठं माहीत होतं! राधानगरीचं जंगल म्हणजे गवे, एवढीच आमची समज. पाचोळ्यात एक इवलीशी पाल दिसली, डोळ्यांत गोल बाहुल्या असलेली. ती तीच का, हे तुम्ही छातीठोकपणे सांगितलं नाहीत, हातही लावू दिला नाहीत. नवरा पोटावर पडून बघत राहिला आणि शर्टाचे डाग अजून निघालेले नाहीत.

फी तुम्ही घेत नाही, त्यावर भांडून झालंय. तुमच्या नातवाला पिल्लू हवंय असं वहिनींकडून कळलं. जरूर देऊ. पण नियम तुमचाच: पिल्लू पाच ग्रॅम भरल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही, आणि आधी पेटी, मग पाल. तेव्हा त्याला रिकामी पेटी मांडून सकाळ-दुपार-रात्र तापमान लिहायला सांगा. वही घेऊन आला की बघू. डॉक्टरांचा नातू म्हणून सवलत नाही.

आपली,
पालीवाली सूनबाई
(आणि काटेवाले अहो)