क्लासच्या ॲपवरच्या नोट्स कोणाच्या?

संपादक महोदय,

धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत नागपुरातले छोटे क्लासही आता तयार सॉफ्टवेअरवर आपल्या नावाचे ॲप चालवतात. नोट्स, प्रश्नसंच, तासांचे व्हिडिओ त्यावर चढतात आणि करारनामा न वाचताच ‘आय ॲग्री’ दाबले जाते. ‘कंटेंटची मालकी तुमचीच’ हे वाक्य दिसले की क्लासचालक निर्धास्त होतो. मेख पुढच्या वाक्यात असते: ॲप पुरवणाऱ्या कंपनीला तो कंटेंट वापरण्याचा जगभर, विनामोबदला, कायमस्वरूपी, मागे न घेता येणारा आणि तिसऱ्याला देता येणारा परवाना.

हे शब्द उगाच घातलेले नसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ३०अ मुळे हेच परवान्यालाही लागू. कंपनीच्या वकिलाला हे पक्के ठाऊक असते. शिवाय मालकी द्यायला देणाऱ्याची सही लागते. परवान्यासाठी सहीची अट २०१२ च्या दुरुस्तीत गेली, नुसता लेखी असला तरी पुरे.

परवाना अजिबात नको, असे मात्र म्हणता येत नाही. सर्व्हरवर व्हिडिओ ठेवायचा, कमी-जास्त रिझोल्यूशनमध्ये बदलायचा तर प्रती काढाव्याच लागतात. म्हणून ‘फक्त ही सेवा पुरवण्यासाठी, खाते चालू असेपर्यंत’ एवढी मर्यादा करारातच घालून घ्यावी. कंट्रोल-एफने ‘पर्पेच्युअल’ (कायमस्वरूपी), ‘सबलायसन्स’ (तिसऱ्याला परवाना) आणि ‘सर्व्हायव्ह’ (टिकून राहणे) हे इंग्रजी शब्द करारात शोधावे. तिसरा शब्द सगळ्यात लबाड: खाते बंद झाल्यावरही कोणती कलमे जिवंत राहतात, ते तिथेच दडलेले असते. लवाद कोणत्या शहरात, हेही पाहावे. तारखांना नागपूरहून जायचे आहे.

ॲपमधून डाउनलोड केलेले व्हिडिओ बहुधा एन्क्रिप्ट केलेले असतात, बाहेर चालत नाहीत. मूळ एमपी४ आणि वर्डच्या फाइली आपल्या हार्डडिस्कवर नसतील तर ती मालकी काय कामाची?

घरचा हिशेबही पाहावा. पगारी शिक्षकाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या नोट्स, वेगळा करार नसल्यास, कलम १७ नुसार क्लासच्या. तासिकेवर येणाऱ्या शिक्षकाच्या सहसा त्याच्याच. त्या चढवताना ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ ही हमी क्लासचालक देतो आणि दावा झाला तर भरपाईही त्याच्याच अंगावर येते. तासिका-शिक्षकाकडून कोणत्या नोट्स, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, एवढे लिहून सही घेतली की हा प्रश्न सुटतो.

— एक वाचक, रामदासपेठ, नागपूर