पुडी किती पाण्यात घातलीस?

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला आणि "बाबा, आम्हालाही कळतं" म्हणून तू फोन ठेवलास. सहा जुलाब झालेले आठ महिन्यांचे लेकरू मांडीवर असताना आईची उलटतपासणी घेणे चुकलेच. तरीही लिहितो, कारण ओआरएसची, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-ग्लुकोजची, पुडी किती पाण्यात घातलीस, हे राहूनच गेले.

मोठी पुडी उकळून गार केलेल्या पूर्ण १ लिटर पाण्यातच घालावी. लहान पुडी २०० मिलिलिटरची असते. तू सात महिन्यांची असताना मी शाळेवरून धावत आलो, पितळी पेल्यात अंदाजाने अर्धी पुडी ढवळली आणि तुझ्या ओठांना लावणार, तोच नर्सबाईंनी बोटाने चव घेऊन पेला अंगणात ओतला. "गुरुजी, हे अश्रूंहून खारट आहे. रक्तातले मीठ वाढून पोरीला झटके येतील." त्यांनी तुझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली; अंगातले पाणी कमी झाल्याची ती खूण. नंतर आई रात्रभर मिनिटामिनिटाला चमचा देत राहिली. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. पहाटे लघवीने तुझे दुपटे ओले झाले, तेव्हा ती रडली.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचे पाणी रुग्णांच्या नातलगांच्याच हाती दिले. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यात शिरते आणि त्यामागोमाग पाणी; म्हणून मापाला एवढे महत्त्व. पुन्हा गुरुजीपणा झाला, क्षमा कर. तू माझ्यापेक्षा धीराची आहेस, हे काल तुझ्या आवाजातही जाणवत होते.

अंगावरचे दूध बंद करू नकोस. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ओआरएसचे पाणी दे, उरलेले २४ तासांनी टाकून दे. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर माझ्या फोनची वाट न पाहता समीररावांना घेऊन दवाखाना गाठ.

भांड्यावर लिटरची खूण आहे ना, तेवढे एकदा पाहा. आणि लंगोट ओला झाला की कळव, रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझे,
बाबा